जळगाव-धुळे, जाऊन-येऊन

जळगाव ते धुळे हा रस्ता मला इतका पाठ आहे की त्याच्याबद्दल लिहायचाही कंटाळा येतो. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे आणि धुळे. रस्ता अरुंद होता तेव्हा ट्रकच्या मागे अडकून मी शिव्या द्यायचो. चौपदरी झाल्यावर शिव्या द्यायला कोणी पुढे राहिलं नाही, मग स्वतःशीच बोलायला लागलो. घर जळगावात मेहरूणला, दुकान धुळ्याला. सकाळी नव्वदच्या वर किलोमीटर, संध्याकाळी पुन्हा तेवढेच. सुटीचा दिवस सोडला तर कित्येक वर्षं हेच चाललं होतं.

कोणी विचारलं की असं उलटं का, तर मी म्हणायचो, बायकोला मेहरूण आवडतं. तलाव आहे, हवा चांगली आहे. लोकांना ते पटायचं आणि मलाही.

खरं कारण वाटणीत होतं. आमचा मोटार-पंपांचा धंदा. थोरला भाऊ गल्ल्यावर बसायचा आणि मी मागच्या खोलीत जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचो. तांब्याच्या तारेने बोटं कापलेली असायची, त्यात वॉर्निश जायचं. शेतकरी दुकानाच्या पाटीकडे बघून येत नसत, माझ्या हाताची मोटार टिकते म्हणून येत. पुढे धुळ्याला दुसरं दुकान काढलं, तेही मीच उभं केलं. मग भावाची मुलं मोठी झाली आणि वाटणीची वेळ आली.

आमच्याकडे वाटणीची रीत सरळ आहे. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. त्यामुळे वाटे पाडणारा लबाडी करत नाही, कारण वाईट वाटा आपल्याच गळ्यात पडेल ही भीती असते. भावाने वाटे पाडले ते चोख पाडले, आजही मी तसंच म्हणेन. एका बाजूला जळगावचं दुकान, दुसऱ्या बाजूला धुळ्याचं दुकान आणि तिथलं गोडाऊन. मामा बसले होते, काका बसले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "जळगावला माझी मुलं बसतात, तेव्हा जळगाव माझ्याकडेच राहू द्या. हा फिरता माणूस आहे, ह्याला धुळं बरं." आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून वर म्हणाला, "आता धुळ्यालाच घर कर. तुझं जाणं-येणं वाचेल."

मामांनी मान हलवली आणि चहा आला.

मी कदाचित धुळंच उचललं असतं. पण उचललं मी असतं.

त्याच वर्षी मी मेहरूणला घर घेतलं. धुळ्याला राहायला जा असं त्याने सांगितलं होतं, म्हणून जळगावातच राहिलो. मेहरूणहून हायवेला सरळ लागता येतं. मी मात्र रोज सकाळी गावात शिरायचो, जुन्या दुकानासमोरून गाडी हळू न्यायचो आणि मग बाहेर पडायचो. पाटी तीच होती, अक्षरं नवी काढली होती. भाऊ कधी दारात उभा असला तर मी समोर बघायचो आणि तो कुलपाशी खटपट करायचा.

पुढे कंबर बोलायला लागली. डॉक्टरांनी पट्टा दिला, मी तो सीटवर टाकून त्याच्यावर बसायचो. डिझेलची जुनी गाडी घरघर करायची, पंपावर दिलेल्या नोटा मोजायचं मी सोडून दिलं होतं. पुण्याला नोकरीत असलेला मुलगा फोनवर म्हणाला, "पप्पा, इलेक्ट्रिक बघा. आवाज नाही, क्लच नाही. फक्त तुमचं रोजचं अंतर बसतं का ते नीट बघा."

म्हणून गेल्या मे महिन्यात मी शोरूमला गेलो. बायको सोबत होती. मी भाव करायला लागलो की लोक भांडण समजून मिटवायला येतात, असं तिचं म्हणणं आहे.

गाड्या विकायला एक तरुण मुलगी होती, अमळनेरकडची. "काका, रोजचं रनिंग किती?" तिने विचारलं.

"तू आधी भाव सांग."

"रनिंग कळल्याशिवाय कोणत्या बॅटरीचा भाव सांगू?"

मुद्दा बरोबर होता. मी सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर, हा माणूस वेडा आहे की काय, असं काहीतरी येऊन गेलं. गाडी एकच होती पण बॅटऱ्या दोन, लहान आणि मोठी. लहान बॅटरीच्या कागदावर तीनशेच्या पुढचा आकडा होता.

"कागदावरचं जाऊ दे," मी म्हटलं. "पंपाच्या कागदावर लिहिलेलं पाणी बोअरमधून कधी येत नाही, हे मी रोज बघतो. खरं सांग."

तिने मॅनेजरच्या केबिनकडे एकदा बघितलं. "हायवेला, एसी लावून, आपल्या इकडच्या उन्हात दोनशे धरा, काका. जास्त नाही."

मुलगी मला आवडली. पण लगेच म्हणाली, "म्हणूनच म्हणते, मोठी बॅटरी घ्या," आणि माझा सगळा भरवसा गेला. गिऱ्हाईक तीन हॉर्सपॉवरची मोटार मागतं तेव्हा मीही आधी खरं बोलतो आणि मग पाचची दाखवतो. मी म्हटलं, "लहान बॅटरीची गाडी एक दिवस दे. जळगाव-धुळे, जाऊन-येऊन, एसी चालू, माझ्या चालीने. मध्ये चार्ज करणार नाही. पुरली तर तीच घेईन."

मॅनेजर बाहेर आला आणि म्हणाला, टेस्ट ड्राइव्ह फक्त चौकापर्यंत मिळते. मग माझा आवाज चढला. चौकापर्यंत जायला मला बैलगाडी पुरते, असं काहीतरी मी बोललो. बाकीची गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली. बायको मॅनेजरला म्हणाली, "द्या हो. नाहीतर रोज येतील." शेवटी ठरलं, गाडी मिळेल पण मुलगी सोबत येईल.

सकाळी गाडी मेहरूणला आली तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली होती. मी चालवायला बसलो, मुलगी शेजारी, बायको मागे. डिकीत मी मोटारीच्या दोन पेट्या टाकल्या, रोज काही ना काही नेतोच. मी गावाकडे वळलो तशी मुलगी म्हणाली, "काका, हायवे तर इकडे आहे ना?"

मागून बायको म्हणाली, "असू दे गं. हा आमचा देवदर्शनाचा रस्ता आहे."

दुकान उघडलेलं होतं. पुतण्या पायरीवर पाणी मारत होता. मी गाडी हळू नेली. नवी गाडी, कसला आवाज नाही, त्याने वरही पाहिलं नाही.

गाडी चांगली होती, हे मान्य करावं लागेल. पाय ठेवला की पळायची. कंबरेला हादरा नव्हता. पण माझे डोळे रस्त्यावर कमी आणि समोरच्या बॅटरीच्या आकड्यावर जास्त होते. शंभराचे नव्वद, नव्वदाचे ऐंशी. डिझेलच्या काट्याकडे मी कधी एवढं पाहिलं नव्हतं. मुलगी म्हणाली, "काका, ऐंशीच्या स्पीडने चला, खूप फरक पडतो."

"मी रोज शंभरने जातो."

"मग शंभरने बघा."

पारोळ्याला माझी चहाची टपरी ठरलेली. टपरीवाले आबा गाडीभोवती एक फेरी मारून आले. "भाऊ, चालू शे का बंद शे?"

"चालू आहे, आबा."

"मंग आवाज नही तिले?"

बायको काचेतून म्हणाली, "आबा, गाडीचा आवाज ह्यांनी घेतलाय." आबा हसत हसत कप धुवायला गेले.

धुळ्याला पोचलो तेव्हा आकडा पन्नासच्या खाली गेला होता. म्हणजे आलो तसाच परत गेलो तर घर येणार नव्हतं. मुलीने विचारलं, "काका, गाडी दिवसभर इथेच उभी असेल ना? दुकानात लावून ठेवायची चार्जिंगला."

दुकान बोळात होतं. गाडी लांब मैदानात उभी करावी लागायची, आणि तिथपर्यंत वायर टाकायची तर चार लोकांच्या भिंतींवरून. मी आयुष्यभर वायरीच ओढल्या आहेत, ते जमण्यासारखं नव्हतं. हायवेवरच्या चार्जरवर रोज तासभर बसायचं तर दुकान कोणी बघायचं? "चार्ज न करता पुरली पाहिजे," मी म्हटलं.

बायकोची धाकटी बहीण धुळ्याला देवपूरला राहते. बायको मुलीला घेऊन तिच्याकडे जेवायला गेली. परत आल्या तेव्हा दोघींचे चेहरे खुललेले होते, हातात पापडांची पिशवी होती. "बहिणीच्या शेजारचं घर अजून रिकामंच आहे," बायको सहज म्हणाली. मी तेव्हा एका शेतकऱ्याशी केबलच्या भावावरून वाद घालत होतो. ऐकलं आणि सोडून दिलं.

चार वाजण्याच्या सुमाराला निघालो. उन्हाने रस्ता पांढरा दिसत होता. एसी चालू ठेवला, पण ऐंशीच्या वर गेलो नाही. मुलीने स्पीडकडे एकदा बघून हसू दाबलं, तेच मला जास्त लागलं. पारोळा गेलं. आबांच्या टपरीवर थांबलो नाही, जणू थांबलो तर आकडा आणखी खाली जाईल. वारा पाठीमागून होता तरी आकडा उतरतच होता. एरंडोलच्या अलीकडे गाडीने पिवळा दिवा दाखवला.

मी एसी बंद केला आणि काचा खाली केल्या. भट्टीसमोर बसल्यासारखी हवा आत आली. पन्नासच्या चालीने डाव्या बाजूने जायला लागलो. ट्रकवाले हॉर्न मारून पुढे जात होते. ज्या ट्रकवाल्यांना मी वर्षानुवर्षं मागे टाकलं, त्यांच्यातला एक मान बाहेर काढून बघत गेला.

"काका," मुलगी म्हणाली, "घर थोडक्यात राहील. सकाळी गावातून फिरलो नसतो आणि शंभरने गेलो नसतो, तर कदाचित पोचलो असतो."

मागच्या सीटवर बायकोचं पदराने वारा घेणं थांबलं.

एरंडोलला एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता. तिथे गाडी लावली तर वीज गेलेली. वॉचमन म्हणाला, "येईल." मी विचारलं, कधी येईल? म्हणाला, आली की येईल. मग मी त्याला बरंच काही बोललो. जनरेटर का नाही, पाटी कशाला लावली, लोकांना उन्हात मारायला का. तो बिचारा खुर्ची आणायला गेला. बायकोने माझा हात धरून शेडमध्ये बसवलं. मुलगी फोनवर मॅनेजरला समजावत लांब गेली.

मी दमलो होतो. एका दिवसाचं ते दमणं नव्हतं. शर्ट पाठीला चिकटला होता आणि कंबरेतून कळ येत होती. मी म्हटलं, "मोठी बॅटरी घ्यावी लागेल. पोरगी खरं बोलत होती. पैसे जास्त जातील, पण मेहरूण सुटणार नाही."

"मेहरूण कशाला सुटायला नको?" बायकोने विचारलं.

"तुला आवडतं म्हणून."

"मी कधी म्हटलं?"

मी तिच्याकडे बघितलं. विनोद करतेय असं वाटलं. ती करत नव्हती.

"तलाव आहे, हवा आहे..."

"तलावावर मी किती वेळा गेले? तुम्ही नेलंत कधी? पाच वाजता उठते, डबा करते, तुम्ही निघता. संध्याकाळी सात वाजले की फोन हातात घेऊन बसते. पारोळ्याला अपघात झाला असं कोणी म्हटलं की पुन्हा पुन्हा तुमचा नंबर लावते. मुलगा पुण्याला. बहीण देवपूरला. मेहरूणला माझं कोण आहे?"

"मग कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? धुळ्याला राहायला जा असं तुमच्या भावाने सांगितलं होतं. मीही तेच सांगितलं असतं तर तुम्ही मला त्यांच्या बाजूला केलं असतं."

ते खरं होतं. केलं असतं.

मी उठलो, मशीनपर्यंत गेलो, परत आलो. वीज नव्हतीच. मनात आलं, धुळ्याला गेलो तर भाऊ म्हणेल, शेवटी माझंच ऐकलं. मामा मान हलवतील. एवढी वर्षं रोज त्याच्या दारावरून गाडी नेली, ती कशासाठी? हे सगळं मनात होतं आणि समोर ती घामाने भिजलेली बसली होती. लांबूनच मुलीला पापड नीट ठेव म्हणून सांगत होती.

मी खाली बसलो. "ऐक," मी म्हटलं, "मी वाटे पाडतो. एक वाटा मोठ्या बॅटरीची गाडी आणि मेहरूणचं घर. दुसरा वाटा लहान बॅटरीची गाडी आणि देवपूरचं घर. तू आधी उचल."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. ती माझ्याबरोबर इतकी वर्षं राहिली आहे, विचारल्याशिवाय सौदा करत नाही. "दुसऱ्या वाट्यात मेहरूणच्या घराचं काय?"

"भाड्याने देऊ. नाहीतर विकू."

"आणि भांडण? ते कोणत्या वाट्यात?"

"ते माझ्याकडे राहील."

"मग मी धुळं उचललं."

"अगं, जरा विचार तर कर. मोठ्या बॅटरीत आरामात..."

"बोलायचं नाही," ती म्हणाली. "वाटे पाडणाऱ्याने मध्ये बोलायचं नसतं. तुमचा भाऊ तेव्हा असाच मध्ये बोलला होता."

माझ्या इतक्या वर्षांच्या भांडणात मला असं कोणी गप्प केलेलं आठवत नाही.

थोड्या वेळाने हॉटेलातला पंखा फिरायला लागला. वॉचमन धावत आला, "आली, आली!" मुलीने फोनवर काहीतरी दाबलं आणि मशीन सुरू झालं. आकडा हळूहळू वर चढायला लागला. मी तिला जवळ बोलावलं.

"लहान बॅटरीवर किती सोडशील?"

तिला वाटलं मला ऊन लागलं. "काका, आत्ता बघितलं ना? नाही पुरली तुम्हाला."

"पुरेल."

"काकू, तुम्ही तरी सांगा!"

"पुरेल गं," बायको म्हणाली. "देवपूरहून दुकान काय लांब आहे? तू भाव कमी कर. आणि सीट कव्हर फुकट घ्या हं, अहो. ते विसरू नका."

मुलगी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिची मोठी बॅटरी गेली होती आणि वर सीट कव्हरही. पुढे शोरूममध्ये मी मॅनेजरशी दोन तास भांडलो, मॅटही घेतले. पण त्यात पूर्वीची मजा आली नाही.

जळगाव जवळ आलं तेव्हा बॅटरीत गावातून जाण्याइतकं होतं. मुलीने विचारलं, "काका, गावातून, की हायवेने?" ह्या वेळी ती चेष्टा करत होती की नाही, कळलं नाही. मी हायवेनेच मेहरूणला गेलो. भावाला माफ केलं म्हणून नव्हे. त्याने मला उचलू दिलं नाही ही गोष्ट आहे तिथेच आहे आणि मी मरेपर्यंत राहील. पण अंधार पडत होता आणि मला घरी जायचं होतं.

आता पावसाळा संपत आला आहे. आम्ही देवपूरला राहतो. भाऊ कोणाजवळ तरी म्हणाला म्हणे, शेवटी माझंच ऐकलं. सांगणाऱ्याने मुद्दाम मला येऊन सांगितलं, माझा चेहरा बघायला. मी त्याला चहा दिला. तो गेल्यावर मात्र दुकानात एका गिऱ्हाइकावर उगीच ओरडलो.

गाडी घराखाली उभी असते, आठवड्यातून एकदा चार्जिंगला लावली तरी चालतं. कंबर अजून दुखते, पण कमी. सवयीने पहाटे पाचला जाग येते आणि करायला काही नसतं. बायको झोपलेली असते. मी उठून आवाज न करता चहा करून घेतो. तिला उठवत नाही.